कुत्र्याची टाच कुठे असते? सांगाडा काढायला शिकताना

कुत्र्याच्या मागच्या पायाला मध्यावर जो मागे गेलेला कोन दिसतो, त्याला बहुतेक जण गुडघा समजतात आणि 'कुत्र्याचा गुडघा उलटा वाकतो' असं सांगून मोकळे होतात. ती टाच असते. गुडघा तिच्या बराच वर, पोटाच्या कडेला कातडीच्या घडीत दडलेला असतो आणि आपल्या गुडघ्यासारखाच पुढे येतो. कुत्रं-मांजर आयुष्यभर चवड्यावर चालतं, गाय-घोडा बोटांच्या टोकांवर, माणूस आणि अस्वल पूर्ण पाऊल टेकवून. हाडांचा क्रम सगळ्यांत तोच. बदलते ती लांबी, जाडी आणि जमिनीला कुठला भाग टेकतो ते.

हे ध्यानात आलं की शिकायचा क्रमही ठरतो. आधी माणसाचा सांगाडा, कारण तो अंगावरच आहे आणि बोटाने चाचपता येतो. मग कुत्रा, मग गाय. प्रत्येक नव्या जनावरापुढे बसल्यावर एकच विचारायचं: याची टाच कुठे, मनगट कुठे, कोपर कुठे? वाघ-घोड्यांचे फोटो बघून थेट हाडं काढायला बसणारे पुढे कित्येक महिने पाय कुठून वाकवायचा यातच अडकलेले असतात.

दोनशे सहा हाडं घोकू नका

मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडं असतात हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. त्यातली १०६ नुसत्या हातापायांच्या पंजांत असतात. मनगटासकट एका हातात २७, घोट्यासकट एका पावलात २६. कवटीची आणखी २२. म्हणजे चित्र काढणाऱ्याला पहिल्या टप्प्यात लागणारी यादी फारच छोटी आहे. तीन मोठे भाग, जे स्वतः वाकत नाहीत: कवटी, छातीचा पिंजरा आणि कटीचं हाड. त्यांना जोडणारा, वाकणारा कणा. आणि बारा सांधे, म्हणजे खांदा, कोपर, मनगट, खुबा, गुडघा, घोटा, दोन्ही बाजूंचे. दिवाळीच्या तोंडावर गोव्यात वाड्यावाड्यांवर नरकासुर बांधणाऱ्या पोरांना हे सांगावं लागत नाही. हात कुठे वाकणार ते सांगाडा बांधतानाच ठरवावं लागतं; वर गवत आणि कागद चढल्यावर तिथे कोपर घालता येत नाही.

साहित्य फार नको. ए-थ्री आकाराचा ड्रॉइंग पेपर, एचबी आणि टूबी पेन्सिल, ३० सेंटिमीटरची पट्टी, थोडा ट्रेसिंग पेपर. चारकोल नंतर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मात्र एक वेगळी कटकट असते. दमट हवेने कागद मऊ पडतो, कडक पेन्सिलीची रेघ उमटायच्या ऐवजी चर पडते आणि खोडरबर घासला की कागदाचे तंतू उठतात. मग त्या जागी छटा दिली की डाग दिसतो. कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवा, लागेल तेवढाच बाहेर काढा आणि पहिल्या रेघा इतक्या हलक्या मारा की खोडल्या नाहीत तरी चालेल.

तीस सेंटिमीटरचा माणूस

माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांएवढी धरतात. ३० सेंटिमीटरची उभी रेघ घेतली की एक डोकं बरोबर ४ सेंटिमीटरचं होतं, म्हणून हा आकडा सोयीचा. खालची सगळी मापं रेघेच्या वरच्या टोकापासून आहेत.

हनुवटी ४ वर. खांद्याचे सांधे साडेपाचच्या आसपास. खांद्यांची बाहेरची टोकं एकमेकांपासून सुमारे ७ सेंटिमीटर. छातीचा पिंजरा ५ पासून ११ पर्यंत, रुंदी जेमतेम ५. कटीच्या हाडाची वरची कड १२ वर, जांघेच्या मधलं हाड १५ वर म्हणजे रेघेच्या अगदी मध्यावर, आणि बसताना जी दोन हाडं टेकतात ती १६ च्या जरा अलीकडे. खुब्याचे सांधे १४ वर, एकमेकांपासून ३ सेंटिमीटर. गुडघा साडेएकवीसवर, घोटा एकोणतिसाच्या किंचित अलीकडे. हाताकडे वळलं तर दंडाचं हाड साडेपाच सेंटिमीटर, कोपर ते मनगट साडेचार, पंजा तीनच्या थोडा वर. हात सरळ सोडला की कोपर पिंजऱ्याच्या खालच्या कडेपाशी, मनगट जांघेच्या पातळीवर आणि बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर येतात. ही मोठ्या माणसाची मापं झाली. लहान मुलाला लावाल तर पोर म्हातारं दिसेल. तान्ह्या बाळाची उंची जेमतेम चार डोक्यांची असते.

आता या मापांमधला ११ आणि १२ यांच्यातला एक सेंटिमीटर बघा. नवशिक्याच्या चित्रात पहिली चूक हमखास तिथे सापडते. छाती आणि कंबर यांच्यामध्ये तो मोठी मोकळी जागा सोडतो आणि तिथे नुसता कणा उभा करतो. स्वतःच्या कुशीत बोटं घाला, शेवटची बरगडी आणि कमरेची कड यांच्यात तीन बोटं कशीबशी मावतात. वाकल्यावर तर तीही राहत नाहीत. चित्रातला माणूस लांबुळका आणि कमकुवत दिसायला लागला की हात-पाय खोडायच्या आधी ही फट मोजावी.

बरगड्या आडव्या नसतात

सांगाडा म्हटलं की शिडीसारख्या समांतर आडव्या रेघा काढायची सवय सगळ्यांनाच असते, आणि चित्र बिघडतं ते तिथेच. बरगडी मागे मणक्यापाशी सुरू होते, बाहेर आणि खाली उतरते आणि पुढे येताना तिचं टोक मागच्या टोकापेक्षा बरंच खाली असतं. पुरावा अंगावरच आहे. गळ्याखाली जो खळगा लागतो, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाची वरची कड, तो पाठीच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर येतो, पहिल्याच्या नव्हे. श्वास आत घेतला की ही उतरती कडी वर उचलली जाते आणि म्हणूनच छाती फुगते. बरगड्या मुळात आडव्या असत्या तर उचलायला जागाच उरली नसती.

जोड्या १२. वरच्या ७ जोड्या आपापल्या कूर्चेने, म्हणजे मऊ लवचिक हाडाने, छातीच्या मधल्या हाडाला जुळतात. आठवी, नववी, दहावी वरच्या कूर्चेला टेकतात, त्यामुळे पोटावर जी उलट्या व्हीसारखी कमान दिसते ती या कूर्चांची असते. अकरावी-बारावी मागच्या मागे सुटतात. काढताना बाराही मोजत बसू नका. आधी वर निमुळता आणि आठव्या बरगडीपाशी सर्वांत रुंद असा अंडाकार काढा, पुढून त्याची खालची कमान कापा, वर पहिल्या बरगडीचं छोटंसं कडं तिरकं बसवा, मग पहिली, सातवी आणि दहावी एवढ्याच बरगड्या पक्क्या करा. उरलेल्या त्यांच्या मधे आपोआप बसतात. पहिली बरगडी लहान आणि चपटी असते; तिला इतरांएवढी मोठी केली की मान गिळली जाते.

हाड आणि कूर्चा यांच्या रेघेत फरक ठेवा. हाडाची कड ठाम, कूर्चेची हलकी.

बाजूने बघताना कण्याचे चार बाक: मान पुढे, छातीमागे मागे, कमरेत पुन्हा पुढे, आणि सर्वांत खाली त्रिकास्थीत मागे. मानेत ७ मणके, छातीत १२, कमरेत ५. खाली ५ मणके जुळून त्रिकास्थी होते आणि टोकाला माकडहाड. कमरेचे मणके सगळ्यात जाड, कारण वरचा सगळा भार तिथे येतो. आणखी एक गोष्ट पुष्कळ चित्रांत चुकते. पाठीवरून बोट फिरवताना जे टोचतं ती मणक्यांची मागची टोकं असतात, मणक्यांचं अंग बरंच आत असतं. बाजूच्या दृश्यात कणा पाठीच्या कातडीला चिकटवून काढला की धड पोकळ वाटतं.

कटी, खुबा आणि विसरलेली मान

कटीचं हाड समोरून वाडग्यासारखं वाटतं म्हणून ते सपाट बसवलं जातं. उभ्या माणसात ते पुढे कललेलं असतं. पुठ्ठ्याची वही उभी धरून पोटावर टेकवा: कमरेच्या पुढच्या दोन टोकांना आणि जांघेच्या मधल्या हाडाला ती साधारण एकाच वेळी लागते. म्हणजे ही तीन ठिकाणं एकाच उभ्या पातळीत आहेत. छातीचा पिंजरा याच्या उलट, वरचा भाग मागे झुकलेला. पिंजरा मागे आणि कटी पुढे, हे दोन विरुद्ध कल बाजूच्या चित्रात आले नाहीत तर सांगाडा भिंतीला टेकून उभा केल्यासारखा दिसतो. बाईच्या सांगाड्यात कटी रुंद आणि बुटकी असते, जांघेच्या हाडाखालचा कोन काटकोनाच्या जवळपास. पुरुषात तो बराच अरुंद, ६० अंशांच्या आसपास.

मांडीचं हाड हे शरीरातलं सर्वांत लांब हाड, उंचीच्या चौथ्या हिश्शाहून जरा जास्त. आपल्या चित्रात सुमारे ८ सेंटिमीटर. ते सरळ खुब्यात शिरत नाही. वर गोल डोकं, मग तिरकी आखूड मान, आणि मग दांडा. मान आणि दांडा यांच्यातला कोन साधारण १२५ ते १३० अंशांचा. ही मान विसरली की दोन्ही पाय खुब्यातून थेट खाली टांगले जातात आणि कंबर चिंचोळी होते. मान काढली की दांडा बाहेरून सुरू होतो आणि गुडघ्याकडे आत येतो; त्यामुळेच उभं राहिल्यावर खुबे लांब असले तरी गुडघे जवळ येतात. नडगी मात्र जवळपास उभी. तिच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड गुडघ्याच्या सांध्यापर्यंत पोचत नाही, खालीच थांबतं. पण घोट्यापाशी तेच जास्त खाली उतरतं. म्हणून बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली असतो. मोजे काढून एकदा बघून घ्या.

कोपरापुढच्या दोन हाडांत गोंधळ होतो तो तळहात फिरवताना. करंगळीकडचं हाड कोपरापाशी जाड असतं आणि जागा सोडत नाही. अंगठ्याकडचं मनगटापाशी जाड असतं आणि तेच फिरतं. तळहात समोर असताना दोन्ही समांतर. तळहात मागे वळवला की अंगठ्याकडचं हाड दुसऱ्यावरून आडवं जातं. टेबलावर हात ठेवून दुसऱ्या हाताने कोपराचं टोक दाबून धरा आणि पंजा पालथा-उताणा करा, टोक हलत नाही हे कळतं.

फरा, म्हणजे खांद्याचं पातं, दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर मागून नुसतं टेकलेलं असतं. हात आणि धड यांचा हाडाचा दुवा एकच: गळ्याखालची हासळी. हात पूर्ण वर नेताना जी १८० अंशांची फेरी होते, त्यातले सुमारे ६० अंश फऱ्याच्या फिरण्याने मिळतात. त्यामुळे वर केलेला हात काढताना फरा तसाच ठेवला तर हात उपटून दुसरीकडे लावल्यासारखा दिसतो.

कवटीबद्दल थोडक्यात. डोळ्यांच्या खोबणी उंचीच्या मध्यावर येतात, वर नाही; बाजूने कवटीची खोली जवळपास उंचीएवढी भरते, आणि मागचा फुगवटा सगळेच कमी काढतात. पंजांचं सविस्तर शिक्षण नंतरचं. तूर्त एवढं लक्षात असू द्या की बोटाचं हाड तळहातावरच्या बेचक्यात सुरू होत नाही, मागच्या बाजूला मुठीच्या उंचवट्यापाशी सुरू होतं. म्हणून सांगाड्याची बोटं नेहमी लांब वाटतात, आणि ते बरोबरच असतं.

जुन्या गोव्यात ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात हस्तिदंती क्रूसमूर्ती आहेत. वर ताणलेले हात, उचललेला पिंजरा, खाली फाकलेली बरगड्यांची कमान हे सगळं एका वितीत बघायला मिळतं. कारागिराने बरगड्या कुठे बघून कोरल्या आणि कुठे सवयीने समांतर रेघा ओढल्या, हे ताडायला शिकलात तर तेवढ्यात निम्मा अभ्यास होतो. खऱ्या हाडांचे संच बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, असणारच, पण ती शिकणाऱ्या डॉक्टरांची जागा. परवानगीशिवाय तिथे वही घेऊन जाण्यात अर्थ नाही. उच्च माध्यमिक विद्यालयांच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत बहुधा प्लास्टिकचा सांगाडा टांगलेला असतो, तो सुरुवातीला पुरतो. फक्त असे स्वस्तातले सांगाडे पुष्कळदा कटी न कलवता जोडलेले असतात. तेवढं मनात दुरुस्त करून काढायचं.

माणसावरून कुत्र्यावर

गल्लीतलं झोपलेलं कुत्रं हा उत्तम नमुना, फीही घेत नाही. मोठा फरक पिंजऱ्याचा. माणसाची छाती रुंद आणि पुढून-मागून चपटी. कुत्र्याची दोन्ही बाजूंनी दाबलेली आणि खोल. तुम्ही काढलेला अंडाकार ९० अंशांत फिरवून उभा करा, की झाली चार पायांच्या जनावराची छाती. दुसरा फरक हासळीचा. कुत्र्यात ती जवळजवळ नसतेच. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. धड दोन फऱ्यांच्या मधे स्नायूंच्या झोळीत लटकतं. मांजर दबकत चालताना फऱ्याची वरची टोकं आळीपाळीने पाठीच्या वर येतात ती यामुळे. फरा पिंजऱ्याच्या मागे नव्हे, बाजूला असतो.

काढायची पद्धत अशी. १६ सेंटिमीटरचा चौकोन आखा. वरची कड म्हणजे खांद्याची उंची, खालची जमीन. छातीच्या पुढच्या टोकापासून ढुंगणापर्यंतची लांबीही साधारण तेवढीच. पुढच्या पायाचं कोपर निम्म्या उंचीवर, म्हणजे ८ वर ठेवा; आपल्याकडच्या लांब पायांच्या गावठी कुत्र्यात किंचित वर. छातीची खालची कड कोपरापाशी येते. फरा वरून पुढे-खाली उतरतो, दंडाचं हाड तिथून उलटं मागे कोपराकडे जातं, मग दोन हाडं सरळ खाली मनगटापर्यंत. मागे कटी लांबट आणि तिरकी; मांडीचं हाड पुढे गुडघ्याकडे, नडगी मागे टाचेकडे, आणि टाच जमिनीपासून सुमारे ४ सेंटिमीटर वर. टाचेखालचा उभा भाग म्हणजे आपल्या पावलाचा मधला भाग. आपण जो टेकवतो, तो त्याने उचलून धरलेला.

मागच्या पायाच्या या तीन हाडांची नागमोड दुमडून ठेवलेली असते आणि पळताना उघडते. उभ्या कुत्र्यात ती जास्त सरळ काढली की लाकडी खेळणं तयार होतं.

कण्याचा हिशेब: मानेत ७, छातीत १३, कमरेत ७, त्रिकास्थीत ३, पुढे शेपटी. मानेतले सात मणके जवळपास सगळ्या सस्तन प्राण्यांत कायम असतात, जिराफात तेवढेच आणि आंब्यावर लटकणाऱ्या वटवाघळातही तेवढेच. झाडावर राहणारा स्लॉथ आणि पाण्यात राहणारा मॅनाटी हे नावाजलेले अपवाद. चित्रकाराला याचा उपयोग असा की सस्तन प्राण्याची मान कितीही लांब असली तरी ती सापासारखी वळत नाही. ती वाकते ते ठरावीक सांध्यांत.

गाय, बैल आणि गवा

गाईच्या पुढच्या पायाचा ज्याला गुडघा म्हणतात ते मनगट आहे. त्याखालची लांब नळी म्हणजे तळहाताची तिसरी आणि चौथी हाडं जुळून झालेलं एकच हाड. खालच्या टोकाला त्याचे पुन्हा दोन भाग होतात आणि दोन बोटं, दोन खूर सुरू होतात. खुरामागे जी दोन छोटी नखं लोंबतात ती दुसऱ्या आणि पाचव्या बोटाची शिल्लक. कोपरापुढची दोन हाडं जुळलेली, त्यामुळे गाय पाय आपल्यासारखा पालथा-उताणा करूच शकत नाही. बरगड्यांच्या जोड्या १३, रुंद आणि पट्टीसारख्या. कुत्र्याच्या बारीक गोल बरगड्या गाईला लावल्या की चूक लगेच दिसते. वरच्या जबड्यात पुढचे दात काढू नका. ते नसतातच, तिथे कडक हिरडी असते. शिंग म्हणजे कपाळाच्या हाडातून निघालेला गाभा आणि त्यावर नखाच्या जातीचं कवच. सांगाड्यात गाभाच उरतो, म्हणून तो जिवंत शिंगापेक्षा आखूड.

मानेचे मणके गाय-घोड्यात वरच्या बाह्यरेघेच्या बरेच खाली असतात. वरची कड जाड बंधाची आणि स्नायूंची. मानेच्या वरच्या रेघेलगत मणके मांडले की डोकं चुकीच्या जागी जोडलं जातं, आणि मग ते कितीही खोडलं तरी बसत नाही.

आता गवा, गोव्याचा राज्यप्राणी. बैलाचं वशिंड आणि गव्याच्या पाठीचा उंचवटा लांबून एकच वाटतात, पण सांगाड्यात दोन्ही वेगळे पडतात. देशी बैलाचं वशिंड स्नायू आणि चरबीचं असतं, हाडांत ते नाहीसं होतं. गव्याचा उंचवटा मात्र छातीच्या मणक्यांच्या वर गेलेल्या लांबच लांब टोकांवर उभा असतो. ती टोकं खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत उंच राहतात आणि तिथून एकदम आखूड होतात, म्हणून त्याच्या पाठीला मधोमध पायरी दिसते. ही पायरी उतार करून काढली की गव्याचा रेडा होतो. कपाळावर दोन शिंगांच्या मधला कमानदार उंचवटाही त्याची खूण. बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात गवा सावकाश बघता येतो. दुपारी तो बसलेला असतो, तेव्हा पाठीची पायरी जास्त नीट दिसते. सांगे तालुक्यात उसगाळीमळच्या कातळावर कोरलेली गुरं आहेत. त्यांत पाठीच्या रेघेवरून जनावर ओळखायचा खेळ करून बघण्यासारखा आहे.

स्वयंपाकघरातली हाडं

गोव्यात मासे खाणाऱ्या घरात रोज फुकट शरीररचना येते, फक्त ती कचऱ्यात जाते. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, कापाच्या मधोमध जो गोल तुकडा असतो तो मणका. त्याच्या दोन्ही बाजू खोलगट, वर मज्जारज्जूसाठी बारीक कमान. पोटाकडच्या कापात खाली मोकळी पोकळी आणि बरगड्या. शेपटीकडच्या कापात पोकळी नाही, मणक्याखाली आणखी एक कमान आणि तिचं एकच टोक. माशाचा काटा म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या रेघा, असं जे सगळे काढतात ते म्हणूनच चूक. वर पूर्ण लांबीभर एकेरी टोकं, खाली पुढे जोडीने बरगड्या, मागे एकेरी टोकं.

अख्ख्या पापलेटावर गरम पाणी ओता, दहा मिनिटांनी मऊ ब्रशने मांस सोडवा. उकळलं तर सगळं सुटं होईल आणि कोडं पुन्हा जुळवत बसावं लागेल.

कोंबडी घ्यायची तर गावठी आणि वयस्क घ्या. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांचा असताना कापतात. त्याच्या हाडांची टोकं अजून कूर्चेची असतात, शिजवताना ती गळून पडतात आणि तुमच्या हातात सांधे नसलेल्या नळ्या राहतात. मंद आचेवर शिजवा, खळखळ उकळू नका. ब्लीचिंग पावडर वापरू नका, हाड ठिसूळ होऊन भुगा होतो. औषधाच्या दुकानातल्या तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस ठेवलं की पुरे. मग जुळवून बघा. तंगडी म्हणजे नडगी. तिच्या आणि खवल्यांच्या पायाच्या मधला सांधा, जिथे खाटीक पंजा तोडतो, तो घोटा. गुडघा वर, तंगडी आणि मांडी यांच्यामध्ये. पंखाच्या मधल्या तुकड्यात दोन हाडं निघतात, त्यातलं जाड ते आपल्या करंगळीकडचं. छातीच्या मधल्या हाडावर उभी कड असते, उडायचे स्नायू तिला धरतात. पुढचं इंग्रजी व्हीच्या आकाराचं हाड म्हणजे जुळलेल्या दोन हासळ्या.

रानातून मात्र काही उचलू नका. गव्याची, सांबराची, कासवाची कवटी सापडली तरी ती घरी आणणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा, समोरून, बाजूने आणि वरून. लेन्स फार जवळ नेली तर पुढचा भाग फुगतो आणि सगळं प्रमाण बिघडतं, म्हणून दीड-दोन मीटर लांब उभं राहून झूम करा.

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हाडं गिरवणं हा सराव तेव्हाच कामाचा, जेव्हा आधी नुसते सांधे बिंदूंनी दाखवता येतात. जिवंत कुत्र्याचा किंवा गाईचा बाजूने काढलेला फोटो घ्या, बारा सांधे खुणावून घ्या, बिंदू जोडा. मग खऱ्या सांगाड्याच्या फोटोशी ताडून बघा. खांदा आणि गुडघा बहुतेकांचे खाली जातात, कारण कातडीखाली ते दिसत नाहीत. मनगट आणि टाच नेमकी बसतात, कारण तिथे हाड उघडं पडलेलं असतं. बिंदू बरोबर येऊ लागले की मगच हाडाची जाडी भरायची.

या सगळ्या हिशेबात न बसणारा एक प्राणी आपल्या किनाऱ्यावर येतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे अंडी घालायला येणारं ऑलिव्ह रिडले कासव. त्याच्या बरगड्या आणि पाठीचे मणके कवचाचाच भाग झालेले असतात आणि फरा बरगड्यांच्या आत असतो, बाकी सगळ्यांत तो बाहेर. त्यामुळे इथे क्रम उलटा: आधी कवच, त्याच्या आतल्या बाजूने बरगड्या, मग त्यांच्या खाली फरा, आणि शेवटी पुढचा वल्ह्यासारखा पाय. त्यात दंडाचं हाड आखूड आणि जाड, बोटं खूप लांब. कोपर कवचाच्या कडेलगत ठेवा. तिथपासून टोकापर्यंतचा बहुतेक सगळा भाग पंजाच असतो.